नको म्हणायची तालीम

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तिसऱ्यांदा तारीख दिली तेव्हा ते हसले नाहीत. पहिल्या दोन वेळा हसले होते.

"साहेबराव, दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. पण साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी या. याही वेळी साखर चढलेली असली, तर मग पुढचं मला विचारू नका."

दिवाळीच्या तोंडावर साखर कमी करा म्हणणारा माणूस एक तर डॉक्टर असतो, नाही तर दुश्मन. औरंगपुऱ्यातून पडेगावला रिक्षानं येईपर्यंत मी याचाच विचार करत होतो. रिक्षावाला म्हणाला, "चचा, क्या हुआ, बहुत टेन्शन में?" मी म्हटलं काही नाही. उतरताना त्यानं मुलगा झाला म्हणून पेढा दिला. मी घेतला आणि खाल्ला. बघा, म्हणजे दवाखान्यापासून घरापर्यंतसुद्धा मी टिकलो नाही.

मला डोळे कशासाठी हवे होते ते सांगतो. पेपर मी वाचत नाही, टीव्ही ऐकला तरी भागतं. पण माझी बायको रत्नमाला होळीच्या सुमाराला गेली. आमच्या मुलीनं, प्रेरणानं, कुठल्याशा लग्नातला तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावून दिला आणि ती नाशिकला सासरी गेली. तो फोटो रोज थोडा थोडा पुसला जात होता. आधी कपाळावरची टिकली गेली, मग नाक गेलं. दसऱ्याच्या सुमाराला हसणं गेलं. आता चौकटीत एक पांढुरका आकार उरला होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग. तो काचेवरचा डाग मी रोज ओल्या फडक्यानं पुसायचो. जात नव्हता. समोरच्या घरातले आप्पासाहेब म्हणाले, "हळदीचा आसंल. हळद लई चिवट."

लोकांना वाटतं माझा माझ्यावर ताबा नाही. हे साफ चूक आहे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. तंबाखू एका दुपारी सोडली ती सोडली. घरात एकटा असलो की मी उकडलेला दुधी आणि ज्वारीची भाकरी खातो आणि ताट धुऊन ठेवतो. माझा संयम पक्का आहे. फक्त दारावरची बेल वाजली की तो मागच्या दारानं निघून जातो.

समोरच्यानं "घ्या" म्हटलं की माझे कान तापतात. तळहात ओले होतात. नको म्हटलं तर त्याचा चेहरा कसा पडेल, हे मला आधीच दिसतं, आणि हे मात्र मोतीबिंदूतूनसुद्धा स्वच्छ दिसतं. तो चेहरा बघावा लागू नये म्हणून मी घेतो. मला गोड फारसं आवडतसुद्धा नाही.

रत्नमाला होती तेव्हा हे खातं तिच्याकडे होतं. पंगतीत वाढपी आला की ती शेजारून माझ्या ताटावर हात आडवा धरायची आणि म्हणायची, "यांना नाही." एवढंच. वाढपी पुढं जायचा. कुणाचा चेहरा पडायचा नाही, कारण ते मी म्हटलेलं नसायचं. तेवढ्या दोन शब्दांवर माझा संसार आणि माझी साखर दोन्ही नीट चालली.

ती गेल्यावर लोकांना माझी दया आली. दया आलेला माणूस खायला घालतो. बाराव्या-तेराव्याचं सोडा, त्यानंतरही जो भेटेल तो घरी ओढून न्यायचा. "एकटे आहात, चहा तरी घ्या." "साखर किती?" "चालेल." साखर किती याचं उत्तर "चालेल" असं देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

डॉक्टरांची तारीख ऐकून आप्पासाहेबांनी सल्ला दिला. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. खुलताबादकडं त्यांची शेती आहे आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक मत आहे. "साहेबराव, लई सोपं हाय. कुणी काय दिलं की म्हणायचं, आज माझा उपास हाय. उपासाला कोण आग्रह करतंय?"

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, शंकरपाळ्यांची बशी पुढं केली. मी घाम पुसत म्हटलं, "वहिनी, उपास आहे." आवडाबाई हळहळल्या. आत गेल्या आणि साखरेच्या पाकातले रताळ्याचे काप घेऊन आल्या. वर वेलदोडा. "खा भाऊजी, हे चालतंय उपासाला." आप्पासाहेब पेपरात तोंड घालून बसले. मी काप खाल्ले. उपासाचा परिणाम म्हणून साखर चढलेला मीच.

मग वरच्या मजल्यावरच्या विशाखानं मनावर घेतलं. ही मुलगी वाळूजच्या एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते आणि माणसांच्या मनावर बरेच व्हिडिओ बघते. ती म्हणाली, "काका, तुमच्यात सेल्फ-कंट्रोल भरपूर आहे. पण माणूस समोर आला की तो सगळा घाबरणं लपवण्यात खर्च होतो. खाण्यासाठी शिल्लकच राहत नाही."

आजवर माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी तिला विचारलं, मग उपाय काय? तिनं दोन सांगितले. एक, घरातली साखर घराबाहेर काढा आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बजावून ठेवा की मी मागितली तरी देऊ नकोस. दोन, आरशासमोर उभं राहून नको म्हणायची तालीम करा.

साखर काढली. दुकानदाराला बजावलं. तालीमही सुरू केली. पण आरशातला माणूसही मला धूसर दिसायचा. त्याला नको म्हणायला काही वाटत नव्हतं, कारण त्याला चेहराच नव्हता. मग खऱ्या माणसावर प्रयोग केला. भाजीवालीला म्हटलं, "कोथिंबीर नको." ती म्हणाली, "ताजी हाय ओ मामा." मी दोन जुड्या घेऊन घरी आलो.

शेवटी ठरवलं, भाऊबीज होईपर्यंत कुणाच्या घरीच जायचं नाही. कडी लावून बसायचं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरात वर्ष होईपर्यंत तळण करत नाहीत. दिवाळीला कढई चढत नाही. म्हणून शेजारीपाजारी त्या घरी फराळ आणून देतात. मी कुणाकडं गेलो नाही म्हणून काय झालं, सगळी दिवाळी माझ्याकडं चालत आली.

पहिल्या यमुनाबाई आल्या. तळमजल्यावर राहतात, सगळ्यांपेक्षा वडील, शब्द जपून वापरतात आणि त्यामुळं तो लागतो. त्यांचे अनारसे आमच्या भागात नावाजलेले. मग आवडाबाई करंज्या घेऊन आल्या. मग विशाखा बेसनाचे लाडू घेऊन आली. म्हणाली, "काका, आईनं गावाहून पाठवलेत. तुम्हाला नाही दिले तर आईला वाईट वाटेल. खाऊ नका हं." मी तिघींसमोर "वा" म्हटलं. तिन्ही डबे ओट्यावर ठेवले आणि झाकणं लावून टाकली. ओट्याजवळ मी होतो आणि मुंग्या होत्या. त्यांतल्या मुंग्यांचाच संयम सुटला.

माझी छाती जरा फुगली. तेवढ्यात आवडाबाई दारातून म्हणाल्या, "भाऊजी, डबा मोकळा झाला का? पाहुणे येऊन ऱ्हायले, डबे पुरंनात."

आता आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. साखर घरात नव्हती. दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलंय, मागितली तरी देऊ नको." शब्दाचा पक्का माणूस मला आयुष्यात त्याच दिवशी भेटावा? तांदूळ घालावेत म्हटलं, तर यमुनाबाई नक्की म्हणाल्या असत्या, "काय हो, अक्षता धाडल्या का?" आणि रिकामा डबा घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, या विचारानंच माझे तळहात ओले झाले.

मग मला जे सुचलं ते सुचायला नको होतं. यमुनाबाईंचे अनारसे आवडाबाईंच्या डब्यात घातले. आवडाबाईंच्या करंज्या विशाखाच्या डब्यात. विशाखाचे लाडू यमुनाबाईंच्या डब्यात. खाली पाण्याच्या टाकीवरून यमुनाबाई आणि आवडाबाई यांचं बोलणं बंद होतं, म्हणजे त्यांनी एकमेकींना फराळ दिलेला नसणार, एवढा हिशोब मी केला होता. मोठा हुशार समजत होतो स्वतःला. डबे पोचवून आलो आणि समाधानानं दुधी उकडला.

पाडव्याला विशाखानं सोसायटीच्या ग्रुपवर करंज्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "साहेबराव काकांकडच्या करंज्या. तोंडात विरघळतात." आवडाबाईंनी लिहिलं, "आमच्याकडं अनारसे आले. लई भारी." मग कुणी हात जोडले, कुणी टाळ्या वाजवल्या. मला फोन डोळ्याला लावून वाचावं लागलं. जिन्यात विशाखा भेटली. "काका, मला करंज्या शिकवाल?" मी म्हटलं, "शिकवीन." मला आणखी काय म्हणता येत होतं?

भाऊबीजेच्या संध्याकाळी बेल वाजली. सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात जायचं होतं. मी सकाळचे कपडे काढून ठेवले होते, लवकर जेवून झोपणार होतो.

दारात आप्पासाहेब. हातात बशी, बशीत अनारसे, मागं आवडाबाई. आप्पासाहेब आत येऊन खुर्चीवर बसले आणि बशी टीपॉयवर अशी ठेवली, जशी पोलीस सापडलेला चाकू ठेवतात.

"साहेबराव, मी इथं मित्र म्हणून नाय, सेक्रेटरी म्हणून आलोय."

"काय झालं?"

"सोसायटीत पाहुणा, भाडेकरू, कामवाली, कुणीबी ऱ्हायला आलं, तर कमिटीला कळवायचा नियम हाय."

"माझ्याकडं कुणी नाही."

"मग हे काय?" त्यांनी बशीकडं बोट दाखवलं. "तांदूळ भिजवा, कुटा, गूळ घाला, मुरवा. अनारसा काय पुरुषमाणसाला येतो व्हय?"

आवडाबाई पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, आमचं काय म्हणणं नाय. एकट्यानं दिवस कसे जायचे. पण वर्ष तरी होऊ द्यायचं होतं ओ. रत्नमालाला काय वाटलं आसंल?"

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कान इतके तापले की वाटलं, बाहेरून दिसत असतील. माझ्या घरात बाई आहे आणि ती अनारसे तळते, अशी बातमी पडेगावभर फिरत होती. खरं सांगावं तर फराळ फिरवला हे कळणार. तिघींचे चेहरे पडणार. खोटं सांगावं तर बाई कुठून आणू?

तेवढ्यात उघड्या दारातून यमुनाबाई आल्या. हातात त्यांचा डबा, लाडवांसकट. आवडाबाईंना बघून त्यांनी मान फिरवली आणि थेट माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, ज्या घरात कढई चढत नाही, त्या घरातून लाडू येतात? मला खुलासा पाहिजे."

"तोच चाललाय," आप्पासाहेब म्हणाले.

आवाज ऐकून विशाखाही वरून उतरली. माझ्या छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं रत्नमाला गेली त्या दिवसानंतर आली नव्हती. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी फोटोकडं बघितलं. पांढुरका आकार आणि पिवळा डाग.

यमुनाबाईंची नजर बशीवर गेली. त्यांनी एक अनारसा उचलला, उलटा केला, दिव्याखाली धरला. त्यांच्या अनारशाला कडेला चिमटा असतो, खूण म्हणून.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"पण हे तर आमच्या घरी आलेले," आप्पासाहेब म्हणाले.

"माझा अनारसा आवडाबाईंकडं कसा?"

आवडाबाईंनी विशाखाकडं बघितलं. "मग तुझ्याकडं आलेल्या करंज्या? त्याला मुरडीत दोन वळसे व्हते का?"

"होते," विशाखा म्हणाली. मग तिनं यमुनाबाईंच्या हातातल्या डब्याचं झाकण उचललं. "आणि हे आईचे लाडू आहेत."

म्हणजे सगळ्यांची दिवाळी सगळ्यांकडं जाऊन आली होती. मी नुसता बसस्टँड. गाडी आली, गाडी गेली.

"म्हणजे तुम्ही एकसुद्धा खाल्ला नाही?" यमुनाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

आणि तो चेहरा आला. ज्या चेहऱ्याला मी जन्मभर घाबरलो, तो एकाच वेळी सगळ्यांनी चढवला होता. आप्पासाहेबांनीसुद्धा, आणि त्यांनी तर काहीच तळलं नव्हतं. पण एक गोष्ट मला जाणवली. चेहरे पडले होते आणि मी अजून उभा होतो.

"साखर," मी म्हटलं. "उद्या सकाळी तपासणी. डोळ्याचं ऑपरेशन. तुम्हाला नको म्हणवलं नाही."

खोलीतली हवा जरा सैल झाली. यमुनाबाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

"झालं गेलं," त्या म्हणाल्या. "आज भाऊबीज आहे. वर्ष झालेलं नाही म्हणून ओवाळत नाही. पण भावाच्या तोंडात घास घातल्याशिवाय मी या घरातून जाणार नाही. एकानं काही होत नाही." आणि तो चिमट्याचा अनारसा त्यांनी माझ्या तोंडाशी आणला.

"खा भाऊजी," आवडाबाई म्हणाल्या. "बहिणीचा घास हाय."

"खाऊन टाका," आप्पासाहेब म्हणाले. "मनात शंका आणू नका, साखर चढत नाय."

विशाखा माझ्याकडं बघत होती.

अनारशाची खसखस माझ्या ओठाला लागली. तुपाचा वास आला. एका घासाचा प्रश्न होता. घेतला असता तर सगळे हसले असते, चहा झाला असता, आणि सकाळी डॉक्टर परत एकदा हसले नसते. फोटोतला उरलेला आकारही गेला असता. आरशासमोर केलेली सगळी तालीम आठवली, पण नको हा शब्द काही केल्या आठवेना.

मग माझा हात वर आला. मी उचलला असं म्हणणार नाही. तोंड आणि अनारसा यांच्या मधे तो आडवा राहिला, तळवा खाली, ताटावर धरतात तसा. आणि मी म्हटलं, "यांना नाही."

स्वतःबद्दल असं बोलणारा माणूस वेडा वाटला असेल. आप्पासाहेबांनी मागं वळून बघितलं, कुणाला नाही म्हणून.

आवडाबाईंनी तोंडावर पदर धरला. "रत्नमाला अश्शीच म्हणायची ओ."

यमुनाबाईंचा हात हवेतच होता. त्यांचा चेहरा मी नीट बघितला, जवळ होता म्हणून दिसला. पडला होता. मग हळूहळू परत उभा राहिला. हे असं होतं, हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "यांना नाही तर नाही." अनारसा तर हातात होता. घास म्हणून उचललेला परत बशीत ठेवायच्या त्या नव्हेत. त्यांनी शेजारी बघितलं आणि तो आवडाबाईंच्या तोंडात घातला. आवडाबाईंना टाकीचं भांडण आठवायच्या आत खसखस जिभेवर विरघळली होती, आणि भरल्या तोंडानं भांडता येत नाही.

विशाखा म्हणाली, "काका, पाणी देऊ?"

"नको."

"बसा तरी."

"नको."

"साहेबराव, उद्या मी गाडीनं सोडू का?" आप्पासाहेब म्हणाले.

"नको," मी म्हटलं, आणि मग घाईनं, "म्हणजे, सोडा." इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, तोटी बंद व्हायला वेळ लागला.

लाडू विशाखा घेऊन गेली. यमुनाबाईंचा डबा तेवढा माझ्या ओट्यावर विसरला.

सकाळी डॉक्टरांनी कागद बघितला, परत बघितला आणि हसले. दोन दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आप्पासाहेबांनी घरी आणून सोडलं. वाटेत त्यांनी हिरवा चष्मा किती दिवस लावायचा यावर एक मत दिलं.

मी दार लावलं. फडकं ओलं केलं आणि सवयीनं फोटोपाशी गेलो.

टिकली होती. नाक होतं. हसणं होतं. एक दात जरा पुढं, तोसुद्धा होता. मी बराच वेळ तिथं उभा होतो. मग खाली कोपऱ्यात तो पिवळा डाग पुसायला फडकं नेलं आणि हात थांबला.

ती जिलेबी होती. ताटाची नुसती कड फोटोत आली होती आणि कडेला जिलेबी. ताट माझं होतं. प्रेरणानं फोटो मोठा करताना मला कापून टाकलं, ताट थोडं राहून गेलं. आणि त्या ताटावर एक हात आडवा धरलेला होता, हिरव्या बांगड्यांचा. ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. हात आपलं काम करत होता.

इतके महिने मी रोज तोच पुसत होतो.

फडकं घेऊन मी ओट्याकडं आलो. यमुनाबाईंचा डबा आतून-बाहेरून पुसला, झाकण लावलं आणि खाली निघालो. कान तापले होते, तळहात ओले होते. ते काही डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

जिन्यात आप्पासाहेब भेटले. "डब्यात काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि झाकण उघडून दाखवलं.